वाचकांचे प्रश्न : स्टिरिओतलं हमिंग

सांगली-मिरज भागातून आलेल्या पत्रांपैकी पाच हमिंगबद्दलची आहेत. कानाला सगळीकडे ‘घूं’च ऐकू येते, पण कारणं निरनिराळी आहेत. त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याला लावू नये, आणि नेमकी जागा सापडेपर्यंत महागडी केबल तर मुळीच विकत घेऊ नये.

प्रश्न : ॲम्प्लिफायरला टीव्ही आणि केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडल्यापासून स्पीकरमधून सतत ‘घूं’ येते. नुसता सीडी प्लेअर होता तेव्हा काही नव्हतं. दुरुस्तीवाल्याने ॲम्प्लिफायरच्या प्लगची मोठी पिन काढून दिली आणि आवाज तत्काळ थांबला. तसंच राहू द्यावं का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : नाही. आधी पिन परत बसवून घ्या, मग पुढचं वाचा.

पिन काढल्याने निदान मात्र पक्कं झालं. हा ग्राउंड लूप आहे. ॲम्प्लिफायरची बॉडी तीन पिनी प्लगमधून तुमच्या घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॅप्टरला दोनच पिना असल्या, तरी खांबावरून आलेल्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून त्याला कुठलीतरी दुसरी अर्थ मिळते. या दोन अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राहतोच. दोन्ही उपकरणं आरसीए केबलने (लाल-पांढऱ्या प्लगांच्या) जोडली की ५० हर्ट्झचा प्रवाह तिच्या शिल्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, वाहू लागतो. शिल्ड आणि प्लगचे सांधे मिळून रोध ०.१ ओहम धरा, प्रवाह १० मिलिॲम्पिअर धरा, तरी १ मिलिव्होल्ट तयार झाला. ॲम्प्लिफायरच्या लेखी तोही सिग्नलच. सीडी प्लेअरच्या पूर्ण २ व्होल्टपुढे तो ६६ डेसिबल खाली असतो. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात कळणार नाही, पण रात्री विलंबित आलापात टोचेल.

पिन नसताना ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागली, तर फ्यूज उडण्याइतका प्रवाह वाहायला भरवशाची वाट उरत नाही. बॉडी २३० व्होल्टवर जाते आणि आरसीएच्या जाळीतून टीव्ही-सेट-टॉप बॉक्सही तिच्यासोबत जातात. बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असला, तरी तो पडण्यासाठी गळती जमिनीत जावी लागते, आणि ती वाट तुमच्या हातातून असू शकते.

आता खात्री करून घ्या. आवाज अगदी कमी करा आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागची जाड गोल केबल फिरवून सोडवा. हमिंग गेलं तर गुन्हेगार तीच. (आरसीए प्लग मात्र ॲम्प्लिफायर बंद केल्याशिवाय काढू-घालू नका. त्याची मधली पिन आधी लागते आणि जाळी नंतर, त्या क्षणी स्पीकरला जोरदार दणका बसतो.)

सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून ऑप्टिकल केबलने छोट्या डॅकमध्ये (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या डबीत) जायचं आणि डॅकमधून ॲम्प्लिफायरमध्ये. प्रकाशातून अर्थ जोडली जात नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडा, नाहीतर साध्या डॅकमधून आवाजच येणार नाही. दुसरा उपाय केबलच्या वाटेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण अर्थ तोडणारा जोड) बसवण्याचा. मात्र घरी डीटीएच असेल तर तो चालत नाही, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या डबीला) लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट त्याच तारेतून वर जातात. तिसरा उपाय आरसीएच्या वाटेत ऑडिओ ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर. हा स्वस्तात मिळतो, पण बारीक कोअरचा घेतलात तर खर्ज गळतो आणि डग्गा पोकळ वाजायला लागतो. शेवटचा पर्याय म्हणूनच तो धरा.

प्रश्न : शास्त्रीय संगीताच्या जुन्या रेकॉर्ड ऐकताना तंबोऱ्याखाली एक घूं सतत असते. रेकॉर्ड शेवटाकडे येते तशी ती वाढते. टोनआर्मला बोट लावलं की थोडी कमी होते. (मिरज)

उत्तर : तुमच्याकडे बहुधा दोन दोष एकत्र आलेत. बोट लावल्यावर कमी होणं म्हणजे आर्मच्या धातूला ग्राउंड नीट मिळत नाही. टर्नटेबलच्या मागून आरसीएच्या दोन वायरींबरोबर एक बारीक सुटी तार येते. ती ॲम्प्लिफायरच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसवा. टोकावर हिरवट-काळा थर असेल तर ब्लेडने खरवडा. तरीही फरक नसेल तर हेडशेलमधल्या (आर्मच्या टोकाला सुईचं कार्ट्रिज बसतं त्या भागातल्या) चार चिमुकल्या क्लिपा तपासा. पांढरी डाव्या बाजूचा प्लस, निळी डाव्याचं ग्राउंड, लाल उजव्याचा प्लस, हिरवी उजव्याचं ग्राउंड. निळी किंवा हिरवी सैल असली की एकाच स्पीकरमधून मोठा आवाज येतो. क्लिप पक्कडीने दाबताना ती कार्ट्रिजच्या पिनेवरून काढून दाबा, जागेवर दाबली तर पिन मोडते.

शेवटाकडे वाढणारी घूं ही चुंबकीय. आर्म आत सरकतो तसं कार्ट्रिज डावीकडे जातं, तेव्हा टर्नटेबलच्या डाव्या अंगाला किंवा खालच्या फळीवर कुठला ट्रान्सफॉर्मर आहे ते बघा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ५ मिलिव्होल्ट देतं. फोनो इनपुट त्याला शंभरपट वाढवतो आणि रेकॉर्डच्या ठरलेल्या इक्वलायझेशनमुळे ५० हर्ट्झला त्यावर आणखी सातपट उचलतो. त्यामुळे सीडी प्लेअरला ज्याचा पत्ताही लागत नाही, ते इथे गर्जतं. मोटर बंद ठेवून, सुई वर उचललेली असताना आर्म हाताने या कडेपासून मधल्या खुंटीपर्यंत न्या. आवाज बदलत असेल तर टर्नटेबलचा प्लगही काढून पुन्हा तेच करा. त्यानंतरही बदलत असेल तर ॲम्प्लिफायर ५०-६० सेंटिमीटर उजवीकडे हलवा किंवा काटकोनात फिरवून बघा. यात पैसा खर्च होत नाही, आणि काम बहुतेकदा इथेच होतं.

मिरजेत सुराचा कान असतोच, म्हणून सांगतो. ४९ हर्ट्झ हा खर्जातला पांढरी पाच, आणि ५० हर्ट्झची घूं त्याच्या किंचित वर. पॉवर सप्लायची गुणगुण १०० हर्ट्झची, म्हणजे तोच सूर एक सप्तक वर. लहान स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवत नाहीत, त्यामुळे सप्तक ओळखताना फसायला होतं. पोत ऐका : ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकाची घूं गोल आणि मऊ असते, पॉवर सप्लायची थोडी झरझरीत.

प्रश्न : एलएम ३८८६ या ॲम्प्लिफायर चिपचे दोन बोर्ड, १८-०-१८ चा ५ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर वापरून ॲम्प्लिफायर जोडला. इनपुट मोकळे, व्हॉल्यूम शून्यावर, तरी हमिंग आहे. कपॅसिटर १०,००० चे घालू का? (तासगाव)

उत्तर : घालून फरक पडला तर नवल. ही चिप सप्लायवरचा रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) स्वतःच फार चांगला रोखते. व्हॉल्यूम शून्यावर असूनही हमिंग राहतं, तेव्हा आधी ग्राउंडच्या वायरिंगवर संशय घ्यायचा.

हिशोब करून बघा. रिपल म्हणजे प्रवाह भागिले (१०० × फॅरड). गाणं बंद असताना दोन्ही चिप मिळून समजा ०.१ ॲम्पिअर घेतात, तर ४७०० वर पीक-टू-पीक ०.२१ व्होल्ट, म्हणजे मीटरवर साधारण ६० मिलिव्होल्ट एसी. एवढंच आलं तर कपॅसिटर ठीक आहेत. ३००-४०० दिसले तर कपॅसिटर सुकलाय किंवा ब्रिजमधला (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांपैकी) एक डायोड उघडा पडलाय. ज्या स्वस्त मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, तो या कामाला घेऊ नका.

आता वायरिंग. ट्रान्सफॉर्मरची मधली तार (सेंटर टॅप) दोन कपॅसिटरच्या सांध्यावर येते. त्या तारेतून सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचे मोठे झटके जातात. इनपुटचं, बोर्डाचं किंवा स्पीकरचं ग्राउंड त्या तारेवर कुठेही जोडलं की ते झटके थेट स्पीकरमध्ये ऐकू येतात. म्हणून सांध्यापासून दुसऱ्या अंगाने जाड, आखूड तार काढून एका स्क्रूवर (हाच ‘स्टार’) न्या आणि दोन्ही बोर्डांची ग्राउंड व स्पीकरचे मायनस तिथेच एकत्र करा. इनपुट सॉकेट पत्र्यापासून प्लास्टिकच्या वॉशरने वेगळे ठेवा, व्हॉल्यूमच्या पॉटची धातूची बॉडी मात्र ग्राउंड करा. डब्याचा पत्रा थेट मेनच्या अर्थला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. स्टारच्या स्क्रूपासून पत्र्यापर्यंत १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर आणि त्याला समांतर ३५ ॲम्पिअरच्या ब्रिजचे उलटसुलट डायोड ठेवले की लूपही तुटतो आणि सुरक्षितताही राहते.

हे केल्यावरही उरलं तर मेनच्या वायरी पिळून इनपुटपासून लांब न्या आणि ट्रान्सफॉर्मर स्क्रू ढिला करून जागच्या जागी फिरवून बघा. कमीत कमी आवाजाची एक दिशा सापडते.

कपॅसिटर बदलायचेच झाले तर व्होल्टेजकडे लक्ष द्या. १८ व्होल्ट एसीचे साधारण २५ डीसी होतात, आणि तासगावकडे रात्री लाइन २५० वर गेली, लोड नसला, की २८-२९ सुद्धा. ३५ व्होल्टचा कपॅसिटर काठावर येतो, ५० व्होल्टचा १०५ अंशवाला घ्या. हात लावण्याआधी प्लग काढा, प्रत्येक कपॅसिटरवर १०० ओहम १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा आणि मीटरवर १ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय वाईट, त्यात कपॅसिटरही जातो आणि बोर्डाचा ट्रॅकही.

प्रश्न : पंखा दोनवर ठेवला की स्पीकरमधून ‘झर्र’ येतं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर तर ॲम्प्लिफायरचा डबाच घुमतो. (कुपवाड)

उत्तर : पहिलं रेग्युलेटरच्या ट्रायॅकचं (वीज तुकड्या-तुकड्यांत सोडणाऱ्या भागाचं) काम. पंखा पाचवर नेल्यावर गेलं तर शंका नको. स्टेप पद्धतीचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावा. दुसरं स्पीकरमधून येतच नाही : स्पीकर सोडवून डब्याला कान लावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या वाजतात. गाणी बंद ठेवा, किंवा पुढच्या वेळी साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या.

प्रश्न : जुना वाडा आहे. उन्हाळ्यात ॲम्प्लिफायरला हात लावला की मुंग्या येतात आणि हमिंगही वाढतं, पावसाळ्यात दोन्ही कमी होतं. (गावभाग, सांगली)

उत्तर : स्टिरिओ तसाच ठेवा, आधी अर्थिंग तपासा. नदीकाठची काळी माती वाळली की आक्रसते, भेगा पडतात आणि अर्थच्या पाइपशी तिचा संपर्क सुटतो. मल्टिमीटरने सॉकेटवर मोजा : फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यावेत, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ दहा-वीस दाखवत असेल तर अर्थ तरंगतेय (जमिनीशी नीट जोडलेली नाही) किंवा न्यूट्रलचा सांधा ढिला आहे. आकडे बरे आले तरी निर्धास्त होऊ नका. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो की सडलेली जोडणीही त्याला चांगली दिसते. अर्थ टेस्टर असलेल्या परवानाधारक वायरमनकडून रोध मोजून घ्या, घरासाठी तो ५ ओहमच्या आत असावा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघू नका. अर्थ तुटलेली असेल तर त्या क्षणी घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर फेज येते. अर्थिंगचा खड्डा ठीक असेल तर त्यात मार्च ते जून दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला आणि पाइपवरचा नट-बोल्ट गंजलाय का ते बघा, कारण जुन्या वाड्यांत जोड बहुतेक तिथेच खाल्लेला असतो.