पट्टी उतरवा, पण सुपारीचं आधी बोलून घ्या

*ताई, आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा १९९१ साली बंद पडला. मी अकॉर्डियन वाजवायचो. शेवटच्या कार्यक्रमाची सुपारी गायक मित्राने परस्पर घेतली, आम्हाला दमडी मिळाली नाही. आता गणपतीत पुन्हा वाजवायचं ठरलंय, अडीच महिने हातात आहेत. यादीत बावीस गाणी. तो म्हणतो, सगळं जुन्याच पट्टीत (सुरात), काळी दोनमध्ये, म्हणजे हार्मोनियमची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून. आवाज पोचत नाही, तालमीत रोज वाद. पैशांचा विषय काढू की गिळून टाकू?*
*– एक वादक, कोल्हापूर*

काढा, पण तालमीत नको. त्याला एकट्याला चहाला बोलवा आणि पहिल्या पाच मिनिटांतच सांगा, "त्या शेवटच्या कार्यक्रमाचे माझे पैसे राहिले, ते मला अजून खुपतं." एवढंच. व्याज नको, बाकीच्या तिघांची वकिली नको. तो कबूल करेल किंवा उडवून लावेल. उडवून लावल्यावर त्याच्या शेजारी बसून वाजवणं जमणार नसेल, तर आत्ताच नाही म्हणा. दुसरा वादक शोधायला मंडळींना वेळ मिळेल. या वेळची बिदागी मात्र आधीच वहीत लिहून ठेवा: साउंडवाल्याचं भाडं वजा करून उरलेल्याचे पाच सारखे वाटे.

आता पट्टी. साठीच्या आसपास बहुतेकांचे वरचे स्वर आखडतात, त्यात लाज कसली? पण ते मापायचं ताज्या गळ्यावर नाही. तीन-चार गाणी झाल्यावर अंतऱ्यातली सगळ्यात चढी ओळ त्याला लागोपाठ तीनदा म्हणू द्या. तिसऱ्या वेळी हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा दिसल्या, की काळी दोनवरून काळी एकवर या. त्याच्याही खाली जायचं तर मुखड्यातला खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचे सूर, तपासा. तो पुटपुटल्यासारखा आला तर जास्त उतरलात. "ओरिजिनल पट्टी" म्हणून तो हटून बसला, तर गाणी कॅसेटवरून बसवली होती याची आठवण द्या. टेपरेकॉर्डरची मोटर जरा जोरात फिरली की अख्खं गाणं चढायचं. ती पट्टी खरी होती हे छातीठोकपणे कोण सांगणार?

एक विचारते, रागावू नका. पट्टी उतरायला मनातून तुमचाही विरोध नाही ना? कीबोर्डवाला ट्रान्स्पोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दोनदा दाबून मोकळा होतो. अकॉर्डियनला ती सोय नाही. डाव्या हाताचं निभतं, कारण बासची (खालच्या सुरांची) बटणं पंचमाच्या क्रमाने असतात, एकापासून दुसऱ्याचं अंतर सा ते प एवढं. तीच बोटं दोन बटणं खाली सरकवली की झालं. उजव्या हाताला मात्र मधलं म्युझिक नव्याने बसवावं लागतं, आणि मुरलेली बोटं जुन्या जागीच पळतात. रोज वीस मिनिटं, एका वेळी एकच पीस, निम्म्या लयीत. बावीस गाण्यांत हे होणार नाही. दहा ठेवा, निवेदन धरून सव्वा तास आरामात भरतो. तबलजींनाही आजच कळवा. काळी दोनचा तबला ओढूनताणून उतरवला की बद्द बोलतो, त्यांना मोठ्या तोंडाचा दुसरा लागेल.

तालीम दोन तासांच्या वर नेऊ नका. पहिल्या दोन तालमी गायकाशिवाय करा, म्हणजे वादकांच्या चुका त्याच्या माथी जाणार नाहीत. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा, पण ऐकायचं घरी, आणि त्या रात्री ग्रुपवर एक शब्द लिहायचा नाही. मिक्सरवर तरुण कान बसवा. उतारवयात बारीक, तीक्ष्ण आवाज कमी ऐकू येतात, मग आपण ट्रेबल वाढवत जातो आणि समोरचे कान दाबून बसतात.

राहिला तुमचा बाजा. चौतीस-पस्तीस वर्षं पेटीत असेल तर स्वरपट्ट्या धरून ठेवणारं मेण ठिसूळ झालेलं असतं, आतल्या चामड्याच्या जिभा वळलेल्या असतात. भात्याचे पट्टे सोडा, उजव्या बाजूने धरून डावी बाजू सावकाश खाली सोडा, एकही बटण न दाबता. भाता हळूहळू उघडला तर ठीक. झरकन उघडला तर हवा गळतेय, कारागीर गाठा. मेण नवं घालून सूर लावायला वेळ जातो. आणि १२० बासचा असेल तर दहा किलोच्या आसपास वजन आहे, स्टेजवर बसून वाजवा. चहाला तो उद्या आला तरी चालेल, भाता आज संध्याकाळी बघा.