फॅशनच्या आवडीपोटी प्रवास करायचा असेल तर कुठे जावे, आणि तुमच्या विशलिस्टमध्ये कोणते डिझायनर आहेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : फॅशनची मनापासून आवड असलेल्या व्यक्तीने प्रवासाची आखणी कशी करावी, फॅशन वीक गाठून पॅरिस किंवा मिलानला जाणे योग्य ठरेल का, आणि माझ्या स्वतःच्या यादीत कोणत्या डिझायनरांची नावे आहेत. मी या व्यवसायात नाही. शिवणकाम रीतसर शिकले आहे आणि सवड मिळेल तेव्हा मुख्यतः कपडे पाहण्यासाठी प्रवास करते, त्यामुळे हे उत्तर एका हौशी पण चिकित्सक प्रेक्षकाचे समजावे.

फॅशन वीकचा मुद्दा आधी निकालात काढते. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या चार शहरांत तयार कपड्यांचे प्रमुख शो वर्षातून दोनदा होतात, आणि पॅरिसमधील ओत कुत्यूरचे, म्हणजे एकेका ग्राहकाच्या मापाने शिवल्या जाणाऱ्या उंची कपड्यांचे, शो जानेवारी व जुलैमध्ये होतात. हे सगळे कार्यक्रम मूलतः खरेदीदार, संपादक आणि निमंत्रित ग्राहकांसाठी असतात. सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला येते ती दारावरची गर्दी, छायाचित्रकारांची रेटारेटी आणि महागलेली हॉटेले. बहुतेक मोठे शो त्याच वेळी घरबसल्या पडद्यावर पाहता येतात, आणि तेही दहा-पंधरा मिनिटांत संपतात. चालत्या मॉडेलच्या अंगावरचा कपडा इतक्या वेगाने नजरेआड होतो की त्याची बाही कशी लावली आहे हेसुद्धा नीट कळत नाही. म्हणून त्या आठवड्यांत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादा शो प्रत्यक्ष पाहायचाच असेल, तर बेल्जियममधील अँटवर्पच्या रॉयल अकादमीच्या फॅशन विभागातील विद्यार्थ्यांचे उन्हाळ्यातील वार्षिक सादरीकरण अधिक समाधान देते, कारण तिथे विक्रीचे दडपण नसते.

आता विशलिस्टबद्दल. यादी लेबलांची न करता विशिष्ट कपड्यांची करावी, आणि तो कपडा नेमका कशासाठी हवा आहे तेही सोबत लिहावे, असे मी आग्रहाने सांगेन. केवळ लेबल लिहून ठेवले की ते काही काळाने दुसऱ्याच कोणाचे तरी काम दाखवू लागते. स्पॅनिश डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांनी 1968 मध्ये आपले पॅरिसमधील कुत्यूर हाउस बंद केले आणि त्या नावाने कुत्यूर पुन्हा सुरू झाले ते 2021 मध्ये, देम्ना या डिझायनरच्या हाताखाली. दोघांचे काम विचार करायला लावणारे आहे, पण 'मला बालेन्सियागा आवडतो' या वाक्यातून यांपैकी कोण अभिप्रेत आहे ते कळत नाही. सेलीन या लेबलचेही तेच. तिथल्या डिझायनर फीबी फायलो यांच्या 2008 ते 2018 या काळातील कपड्यांवर जीव असलेल्या ग्राहकाला त्यानंतर आलेल्या एदी स्लिमान यांच्या दुकानात त्यांतले फारसे काही सापडणे शक्य नव्हते. शिवाय पाहणे, अंगात घालून बघणे आणि विकत घेणे या तीन निरनिराळ्या इच्छा आहेत. माझ्या यादीतील सर्वांत वरची नावे केवळ पाहण्यासाठी आहेत, आणि त्याचे मला जराही वाईट वाटत नाही.

पाहण्याच्या यादीत पहिले नाव मूळ बालेन्सियागांचे आहे. त्यांचा जन्म 1895 मध्ये स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील गेतारिया या मासेमारीच्या गावात झाला. आई शिवणकाम करीत असे, आणि तिच्या गिऱ्हाइकांत त्या परिसरातील एक सरदार घराणे होते. 2011 मध्ये उघडलेले बालेन्सियागा संग्रहालय त्याच घराण्याच्या वाड्याला लागून उभे आहे. सान सेबास्तियानहून बसने तासाभरात तिथे पोहोचता येते. गेतारियाला जावे ते त्यांच्या सूटचे जाकीट मागून पाहण्यासाठी. त्यांचा 'अर्धवट बेतीव' सूट समोरून शरीराला धरून असतो आणि पाठीवर मात्र सैल सुटलेला असतो. कॉलर मानेपासून थोडी मागे ओढलेली असते, बाही मनगटाच्या वर थांबते, आणि या दोन गोष्टींमुळे आखूड मानेची, स्थूल बांध्याची स्त्रीसुद्धा त्यात उंच व डौलदार दिसते. छायाचित्रे बहुधा समोरून घेतलेली असल्यामुळे पाठीमागचा हा सगळा विचार पुस्तकांत हरवतो. झुरिचच्या अब्राहम कंपनीने त्यांच्यासाठी 1958 मध्ये तयार केलेले गझार हे ताठ रेशमी कापडही प्रत्यक्षच पाहायला हवे, कारण त्या कापडाचे पोशाख आतून फारसा आधार नसतानाही शरीरापासून दूर उभे राहतात आणि हा ताठपणा छायाचित्रात पुठ्ठ्यासारखा भासतो, जो प्रत्यक्षात मुळीच तसा नसतो.

दुसरे नाव फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने यांचे. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी पंचेचाळीस अंशांचा कोन साधून, म्हणजे उरेब, कापलेले कापड ताणले जाते आणि अंगावरून ओघळते, हे शिवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; पूर्वीपासून त्याचा उपयोग पट्ट्या, कॉलर अशा लहान तुकड्यांपुरता होत असे. व्हिओने यांनी 1920 च्या दशकात अख्खा पोशाखच उरेब कापला. त्यासाठी त्यांना नेहमीपेक्षा मोठ्या पन्ह्याचे क्रेप मुद्दाम विणून घ्यावे लागले. व्हिओने कागदावर रेखाटन न करता एका लहान लाकडी पुतळ्यावर कापड गुंडाळून कट ठरवीत असत. नक्कल रोखण्यासाठी त्यांनी लेबलवर सहीसोबत अंगठ्याचा ठसा घेतला आणि प्रत्येक नमुन्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवली. 1939 मध्ये हाउस बंद झाले, आणि 1952 मध्ये त्यांनी आपल्याजवळचे पोशाख, नमुने व छायाचित्रांचे अल्बम दान केले, जे आज पॅरिसच्या म्युझे दे आर देकोरातिफमध्ये आहेत. मात्र ते कायम मांडलेले नसतात, आणि प्रवासाची आखणी करताना नेमकी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

रेशमी आणि सुती कापड उजेडाने झिजते, आणि ही झीज भरून येत नाही. म्हणून संग्रहालये अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत आणि काही महिन्यांनी कपडे पुन्हा कपाटात ठेवून त्यांना विश्रांती देतात. उरेब कापलेले पोशाख तर पुतळ्यावर लटकवून ठेवले तर स्वतःच्याच वजनाने ओढले जातात, त्यामुळे ते आडवे ठेवावे लागतात. याचा अर्थ असा की 'अमुक संग्रहालयात तमुक पोशाख आहे' हे खरे असले तरी आपण जाऊ तेव्हा तो दिसेलच असे नाही. पॅरिसचे पाले गालिएरा दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात बंद असू शकते. बाथचे फॅशन म्युझियम तर 2022 मध्ये आपली जागा सोडून बंदच झाले. तिकिटे काढण्यापूर्वी त्या तारखांना कोणते प्रदर्शन चालू आहे ते संग्रहालयाकडून पडताळून घ्यावे.

या अडचणीवर लंडनमध्ये एक अप्रतिम उपाय निघाला आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे ईस्ट स्टोअरहाउस 2025 मध्ये ऑलिंपिक पार्कच्या परिसरात खुले झाले. तिथे कोणीही, संशोधक असल्याचे सिद्ध न करता, संग्रहातील जास्तीत जास्त पाच वस्तू किमान दोन आठवडे आधी मागवून मोफत पाहू शकतो. मी व्हिओने आणि बालेन्सियागा यांचे पोशाख असेच मागवले होते. काच मध्ये नसताना, टेबलावर पसरलेल्या कपड्याकडे हवा तितका वेळ पाहत बसणे हा प्रदर्शनाहून अगदी वेगळा अनुभव आहे. कमरेच्या आत शिवलेली आणि हुकांनी बंद होणारी पट्टी दिसते, जिच्यावर सगळ्या पोशाखाचा भार असतो. शिवणीत सोडलेली माया, म्हणजे कडेचे जादा कापड, दिसते. हातशिलाईच्या टाक्यांत एखाद्या ठिकाणी अंतर किंचित वाढलेले दिसते, आणि त्या कारागिराचे नाव कुठेच नोंदलेले नसते. याच संग्रहालयाने 2017 च्या बालेन्सियागा प्रदर्शनासाठी काही पोशाखांचे क्ष-किरण छायाचित्रण करवून घेतले होते, आणि त्यात कापडाआड दडलेल्या पट्ट्या व घोळ खाली ओढून धरण्यासाठी शिवलेली वजने स्पष्ट उमटली होती.

माझ्या यादीतील पुढची जोडी एकत्रच पाहावी अशी आहे, जरी त्यासाठी व्हेनिस आणि टोकियो ही दोन टोके गाठावी लागली. मारियानो फोर्तूनी यांनी 1907 च्या सुमारास केलेला आणि 1909 मध्ये पेटंट घेतलेला 'डेल्फोस' हा बारीक निऱ्यांचा रेशमी झगा आहे. ही कल्पना पत्नी हेन्रिएत्त यांची असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे, तरी जगाने श्रेय त्यांनाच दिले. झग्याच्या कडेच्या शिवणीवर दोरीत ओवलेले मुरानोचे काचमणी असतात. ते शोभेचे वाटतात, पण त्यांचे खरे काम हलक्या रेशमाला खाली ओढून अंगालगत ठेवणे हे आहे. झगा टांगून न ठेवता सुताच्या लडीसारखा पीळ देऊन गोल पेटीत ठेवला जाई, आणि धुवायचा झाला तर निऱ्या पुन्हा घालून घेण्यासाठी तो फोर्तूनींकडेच पाठवावा लागे. त्या निऱ्या नेमक्या कशा घातल्या जात, हे आजही पूर्णपणे उलगडलेले नाही. 1949 मध्ये त्यांच्या निधनाबरोबर डेल्फोस थांबला. व्हेनिसमधील त्यांचे राहते व कामाचे घर आता संग्रहालय आहे.

जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी निऱ्यांचा हाच प्रश्न नेमका उलट बाजूने सोडवला. त्यांनी कपडा अंतिम मापाच्या अडीच-तीन पट मोठा कापून आधी शिवला आणि नंतर कागदाच्या थरांमध्ये ठेवून, उष्णता व दाब देऊन त्याला निऱ्या घातल्या. पॉलिएस्टर उष्णतेने घेतलेला आकार धरून ठेवत असल्यामुळे हा कपडा घरी धुता येतो, इस्त्री लागत नाही आणि गुंडाळी करून बॅगेच्या कोपऱ्यात मावतो. 1993 पासून 'प्लीट्स प्लीज' या नावाने तो विकला जातो. विकत घेण्याच्या माझ्या यादीत तो पहिला होता आणि आता तो माझ्याकडे आहे. प्रवासासाठी याहून सोयीचा कपडा मी वापरलेला नाही. पॉलिएस्टरला नाके मुरडणाऱ्यांशी वाद घालण्याचा मला कंटाळा येतो. इथे ते कापड स्वस्त म्हणून वापरलेले नाही, तर दुसऱ्या कापडाने हे काम इतके टिकाऊ झाले नसते म्हणून वापरलेले आहे. टोकियोच्या आओयामा भागात मियाके, योहजी यामामोतो आणि रेई कावाकुबो यांच्या कॉम दे गार्सोंची दुकाने एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि अंगात घालून बघण्याच्या इच्छेसाठी मला ती पॅरिसपेक्षा सरस वाटतात.

पॅरिसविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सगळेच लिहितात. 2022 मध्ये उघडलेली गॅलरी दिओर देखणी आहे, परंतु तिच्यात जाहिरातीचा अंश बराच आहे. मला तिच्यापेक्षा मारे भागातील आझेदिन अलाया फाउंडेशन मोलाचे वाटते. डिझायनर अलाया स्वतः कापणारे आणि शिवणारे होते, कपडा मनासारखा होईपर्यंत शो करायचा नाही म्हणून त्यांनी फॅशनचे ठरलेले वेळापत्रक जुमानले नाही, आणि व्हिओने, बालेन्सियागा, मादाम ग्रे यांचे कपडे त्यांनी आयुष्यभर जमवले. त्यांचा एखादा विणलेला पोशाख माझ्या यादीत अजून शिल्लक आहे. शहराच्या उत्तर सीमेवर शनेलने उभारलेल्या '19एम' या इमारतीत लेसाजची भरतकामाची आणि लमारिएची पिसांची कार्यशाळा आहे. कार्यशाळांत सहसा प्रवेश नसला तरी तिथल्या सार्वजनिक गॅलरीत त्या कामाची प्रदर्शने होतात.

अँटवर्प लहान आहे आणि पायी पाहून होते. 1986 मध्ये लंडनला जाऊन नाव काढलेल्या, इथल्या रॉयल अकादमीच्या सहा पदवीधरांपैकी ड्रीस व्हान नोटन यांचे दुकान 'मोडेपालेइस' आणि मोमु हे फॅशन संग्रहालय एकाच रस्त्यावर आहेत. व्हान नोटन 2024 मध्ये निवृत्त झाले, त्यामुळे त्यांचा छापील रेशमी कोट आता मी जुन्या कपड्यांच्या दुकानांत शोधते आहे. त्याच अकादमीचे मार्टिन मार्जिएला यांचे सुरुवातीच्या काळातील जाकीटही यादीत आहे. त्याचे कोरे पांढरे लेबल चार कोपऱ्यांत चार पांढऱ्या टाक्यांनी अडकवलेले असते, आणि अस्तर नसलेल्या कपड्यात ते टाके पाठीवर बाहेरूनही दिसतात. असे जुने कपडे घेताना केवळ लेबलवर विसंबू नये. शिवणी, काजे, कापडाच्या घटकांची पट्टी आणि आतली झीज पाहावी. मगर किंवा अजगराच्या कातड्याची वस्तू असेल, तर ती सीमेपलीकडे नेण्यासाठी वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाना लागू शकतो, हेही खरेदीपूर्वीच तपासावे.

पहिल्या प्रवासासाठी एकच शहर निवडायचे असेल, तर मी पॅरिसऐवजी लंडन सुचवेन. ईस्ट स्टोअरहाउसमध्ये पाहण्यासाठी महिनाभर आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीतून पाच कपडे निवडा, शक्यतो पाचही एकाच गोष्टीसाठी, उदाहरणार्थ वेगवेगळ्या डिझायनरांनी बाही मुंढ्याला कशी जोडली आहे हे पाहण्यासाठी. सोबत वही आणि पेन्सिल न्या, शाईचे पेन नको.