पहिली रेकॉर्ड घेण्याआधी

एलपी, म्हणजे विनाइलची रेकॉर्ड, सीडीपेक्षा सरस असते हा गैरसमज आधी दूर करा: मोजमापात सीडीच सरस आहे. १६ बिटच्या सीडीची डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, सुमारे ९६ डेसिबल. एलपी तिथवर पोचत नाही. तरी रेकॉर्ड कानाला सुखावते, आणि बरेचदा त्याचं कारण मास्टरिंग असतं, म्हणजे प्रती काढण्याआधी ध्वनिमुद्रणाला दिलेलं शेवटचं रूप. त्याच अल्बमच्या सीडीत आवाज दाबून सपाट केलेला असेल, तर रेकॉर्डमध्ये हळू-मोठ्यातला चढउतार जास्त शाबूत असू शकतो. शिवाय एक बाजू वीसेक मिनिटांची, मधेच गाणं बदलायचा मोह होत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

महागडा अॅम्प्लिफायर सध्या राहू द्या. सुई चांगली घ्या, तिचा रेकॉर्डवर पडणारा भार कंपनीने सांगितलाय तेवढाच ठेवा. नवी आवृत्ती घेताना मास्टरिंग कुणी केलंय, ते आवर्जून पाहा.