मामाची गच्ची आणि हवामानवाल्यांची पेटी

धरमपेठ, नागपूर
एप्रिलअखेर

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा परवा फोन आला होता. साक्षगंधात नागपूरच्या त्या छप्पन्न अंशांच्या बातमीवरून तुझं आणि मामाचं वाजलं, मामा पंगतीतून उठून गेला, आणि तू म्हणतेस की मी बरोबर होते तर माफी कशाची मागायची. फोनवर बोललो असतो तर तिसऱ्या वाक्याला तू 'पण काका' केलं असतंस. कागदाला मध्येच अडवता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी तुझी बाजू. ३० मे २०२४ला नागपुरात ५६ अंश तापमान झालं नव्हतं, हे शंभर टक्के खरं. मला तो दिवस चांगला आठवतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू होता. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ची नोंद आल्यामुळे सगळ्यांचे कान टवकारलेले होते, आणि त्यात आपल्या शहराचा आकडा आला: छप्पन्न! पानठेल्यावर लोक असे बोलत होते, जणू आपल्या गल्लीतलं पोरगं बोर्डात आलं. खोटं कशाला सांगू, मीही तासभर मानलं. एकतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये थर्मामीटर पुसण्यात घालवलेला माणूस मी, आणि बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, 'अगं, छप्पन्न!' ती पोळी उलटत म्हणाली, 'कालच्याइतकंच तर वाटतंय.' तेव्हा कुठे डोकं जागेवर आलं.

नागपूर परिसरातल्या चार स्वयंचलित केंद्रांपैकी एकावर ५६, दुसऱ्यावर ५४, आणि उरलेल्या दोन्हींवर ४४च्या घरात. एकाच दुपारी बारा अंशांचा फरक? हवा काही वॉर्ड पाहून तापत नाही. शिवाय जगाचा अधिकृत उच्चांक ५६.७ आहे, १९१३ साली कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत नोंदलेला. देशाचा ५१, राजस्थानातल्या फलोदीचा, २०१६चा. आपलं नागपूर तापून तापून ४८च्या आसपास अडतं. ते एका दुपारीत उडी मारून डेथ व्हॅलीच्या उंबऱ्याशी जाईल, हे जरा जास्तच झालं. हवामान विभागानेही लगेच खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. दिल्लीचा सेन्सरही पुढे तपासणीत तीन अंश जास्त दाखवताना सापडला.

म्हणजे आकड्यात तू जिंकलीस. आता तू बोललीस काय ते पाहू. आईने शब्द न् शब्द सांगितला: 'मामा, दहावीत गणितात गचकलेल्या माणसाने सेन्सरवर बोलू नये.' ऐंशी माणसांसमोर, तेही मुलाकडची मंडळी बसलेली असताना. या वाक्यात सेन्सरबद्दल काय आहे, मला सांग.

आणि मामा काय म्हणाला होता? 'मी होतो नं त्या दिवशी गच्चीवर. छप्पन्न नव्हतं तं काय होतं मंग?' तुला हा अडाणीपणा वाटला. मला हा अगदी रास्त प्रश्न वाटतो, आणि तू त्याचं उत्तरच दिलं नाहीस.

हवामानवाले तापमान कसं मोजतात, ते मी तुला कधी दाखवलं नाही, ही माझीच चूक. पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी असते, चार पायांवर उभी. तिच्या भिंती म्हणजे खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या दुहेरी पट्ट्या. वारा आरपार जातो, ऊन आत शिरत नाही. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी सूर्य थर्मामीटरवर पडू नये. आणि थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटांवर, म्हणजे तापलेली माती त्याला भाजत नाही. इतका सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: फक्त हवेचं तापमान मिळावं. उन्हाचं नाही, भिंतीचं नाही, डांबराचं नाही. जयपूरच्या हवेची नागपूरच्या हवेशी तुलना करायची तर हे लागतंच. स्वयंचलित केंद्रात पारा जाऊन इलेक्ट्रॉनिक सेन्सर आला, पण त्यालाही सावली आणि खेळता वाराच लागतो.

तुझा मामा त्या पेटीत बसला होता का? तो गच्चीवरच्या टिनाच्या शेडवर चढून कुणाचा तरी कूलर उतरवत होता. मे महिन्याच्या दुपारी टिनाचा पत्रा साठ अंशांच्या वर सहज जातो. डांबरी रस्ताही. म्हणजे त्याच्या तळपायांनी जे मोजलं ते छप्पन्नहून जास्तच भरलं असेल. हवामान खातं ४४ म्हणतं तेही खरं, मामाचे तळपाय साठ म्हणतात तेही खरं. खोटा होता तो फक्त मधला आकडा. तुम्ही दोघं 'तापमान' हा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या वस्तूंवर भांडत होतात, आणि त्यात शिकलेली तू होतीस, म्हणून ते ओळखायची जबाबदारीही तुझीच होती.

विज्ञानाच्या बातम्यांवरची निम्मी भांडणं मी अशीच पाहिली आहेत. कुणी काय मोजलं हे कुणीच विचारत नाही. बॅटरी पाच मिनिटांत चार्ज झाली म्हणतात. बोटाएवढी की गाडीची? औषधाने गाठ गेली. उंदराची की माणसाची? हे विचारलं की आवाज आपोआप खाली येतो, कारण मग दोघांनाही मूळ बातमी उघडून वाचावी लागते.

आता थोडं तुझं मागचं काढतो, रागावू नकोस. जुलै २०२३मध्ये तू धापा टाकत माझ्याकडे आली होतीस. कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ नावाचा पदार्थ बनवला होता, साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा. काका, आता तारेत वीज वायाच जाणार नाही! चुंबकावर अर्धवट उचललेल्या त्या काळ्या खड्याचा व्हिडिओ तू मला चार वेळा दाखवलास. मला शंका होती, कारण शोधनिबंध अजून कुणी तपासलेला नव्हता आणि खड्याचं एक टोक चुंबकाला टेकलेलंच होतं. पण मी तुला 'काय ही अक्कल' म्हटलं का? 'बघू, बाकीच्यांना जमतं का', एवढंच म्हटलं. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो करून पाहिला, आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेसुद्धा, आणि अतिसंवाहकता कुणालाच दिसली नाही. रोध एकदम घसरत होता तो आत राहिलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे. त्याची रचना १०४ अंशांच्या आसपास बदलते. हे सगळं तू स्वतः वाचलंस आणि तूच मला येऊन सांगितलंस. मी तुला त्या दिवशी हसलो असतो तर तू पुन्हा आली असतीस का?

मामाला मात्र तू ती वाट ठेवली नाहीस. ऐंशी लोकांसमोर कुणीही मत बदलत नाही बेटा, मीही नाही बदलणार. मत बदलायला माणसाला थोडा आडोसा लागतो. जेवण झाल्यावर हात धुवायच्या नळाशी गाठलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं.

गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तू शाळेच्या सहलीला गेली होतीस. रमण स्वतः काही काळ आपल्या नागपुरात होते, सरकारी हिशेबखात्यात, हे तिथे किती पोरांच्या लक्षात राहतं कुणास ठाऊक. १९२१ साली ते इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. समुद्र निळा का, तर आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले सांगून गेले होते. रॅले म्हणजे नोबेलवाले, भौतिकशास्त्रातलं मोठं प्रस्थ. रमणांना ते पटेना. त्यांनी निकोल प्रिझम, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा उजेड जाऊ देणारा स्फटिक, काढला, पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड त्याने छाटला आणि पाहिलं, तर समुद्र तरीही निळाच. म्हणजे निळाई पाण्याचीच, पाण्याचे रेणू उजेड विखुरतात त्याची, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यातून पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन करतो. मला त्यात आवडतो तो प्रिझम. एवढ्या मोठ्या माणसाशी मतभेद होता, पण रॅलेंच्या अकलेवर त्यात एक अक्षर नाही.

तुझ्यासमोर रॅले नव्हते, कूलरवाला मामा होता. म्हणून मुख्य गोष्ट आता सांगतो, कारण ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. त्या पांढऱ्या पेटीत एक नाही, चार थर्मामीटर असतात. एक दिवसाचं कमाल धरून ठेवतो, एक किमान, एक साधा, आणि चौथ्याच्या पाऱ्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली असते. त्या ओल्या फुग्याचा आकडा म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त कुठवर गार होऊ शकते ती हद्द. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला फुगा २३च्या आसपास दाखवतो. पहिला पाऊस पडून गेला की हवा ३५वर येते, पण आर्द्रता ६० टक्के झाली तर ओला फुगा २८ म्हणतो. म्हणून कूलर मे महिन्यात थंडी वाजवतो आणि जूनच्या शेवटी नुसता ओला वारा फेकतो. उन्हाळा उतरला तरी कूलर हरतो, हे तुझ्या सेमिस्टरच्या पुस्तकात आलेख काढून दिलं असेल. तुझ्या मामाला ते वाळ्याच्या ताटीला हात लावून कळतं. गिऱ्हाईक ओरडायला येतं, 'पंप खराब आहे', तेव्हा तो आधी आभाळ पाहतो आणि म्हणतो, 'भाऊ, पंप चांगला हाय, हवा भिजली.' तीस वर्षं तो हे बोलतो आहे. आर्द्रतामापीवर तुझ्या वर्गातल्या कुणाही पोरापेक्षा तो बरं बोलेल, फक्त त्याला तो शब्द माहीत नाही.

आणि हो, सगळ्यांशीच असं बसायची गरज नसते. काही लोकांना फक्त खुमखुमी असते. त्यांच्यासमोर चहा प्यायचा आणि विषय बदलायचा. मामा त्यातला नाही. तो उठून गेला याचा अर्थच त्याला लागलं.

माफीचं म्हणशील तर 'छप्पन्न होतं' असं तू म्हणावंस, हे मी सांगणार नाही. ते खोटं होईल, आणि त्यालाही ते कळेल. माफी मागायची ती दहावीची. ती एका वाक्यात मागून टाक, लांबवू नकोस, तो ओशाळतो. मग दुकानात स्टूल ओढून बस आणि जूनमध्ये कूलर का हरतो ते त्याला विचार. मध्ये बोलू नकोस, हे तुला जड जाईल.

माझ्याकडे लॅबमधून निवृत्तीच्या वेळी मिळालेला ११०पर्यंतचा थर्मामीटर आहे. रविवारी येऊन घेऊन जा, ओढणीत गुंडाळून ने, काचेचा आहे. नवतपा लागला की दुपारी दोनला मामाबरोबर शेडजवळ जा. एकदा फुगा टिनाला टेकवून वरून कणकेचा गोळा दाबायचा, एकदा थर्मामीटर सावलीत वाऱ्याला दोरीने टांगायचा, आणि एकदा फुग्याला ओलं फडकं गुंडाळून. प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांब. आकडे त्याला वाचू दे, तू लिहून घे. तिन्ही आकडे मला कळव; ओल्या फडक्याचा मामाने आधीच अंदाजाने सांगितला तर तोही शेजारी लिही.

तुझा,
काका