गप्प राहणाऱ्याचा हिशेब

अनेक आशीर्वाद.

न नोंदवलेल्या गुन्ह्यांवरच्या तुझ्या सर्वेक्षणाचा मसुदा वाचला. तिसऱ्या पानावरचं ‘नागरिकांमध्ये पुरेशी जागृती नसल्यामुळे अनेक गुन्हे नोंदवले जात नाहीत’ हे वाक्य आधी खोड. रागावू नकोस. सर्वेक्षणातले आकडे आणि पोलिसांचे आकडे जुळेनात, म्हणून तू गोंधळलीस, आणि ‘जागृती’ हा शब्द हाताशी होता. मीही तो पुष्कळ वर्षं वापरला, छापून आणला. ती पानं आता परत घेता येत नाहीत, म्हणून तुझ्यावर चिडतोय.

गुन्हा सोसून गप्प बसणारा माणूस अडाणी नसतो. त्याने हिशेब केलेला असतो. सांगितलं तर हाती काय पडेल आणि हातचं काय जाईल, हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा नीट ठाऊक असतं. तो हिशेब आधी मांड, नंतर कारणं लिही.

गुन्ह्यांचे प्रकार तू कायद्याच्या पुस्तकातून उचललेस: शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे, सार्वजनिक शांततेविरुद्धचे. खटला चालवायला ही विभागणी बरी, तुझ्या कामाला नाही. मोटारचोरी आणि सायकलचोरी दोन्ही मालमत्तेच्याच खान्यात पडतात. पण अमेरिकेत १९७३ पासून चाललेलं पीडितांचं राष्ट्रीय सर्वेक्षण बघ: मोटारचोरी चारपैकी साधारण तीन वेळा पोलिसांपर्यंत पोचते, आणि मालमत्तेचे सगळे गुन्हे एकत्र धरले तर तीनपैकी जेमतेम एक. मोटारवाला काय जास्त जागृत असतो? त्याला विम्याच्या दाव्यासाठी फिर्यादीची प्रत लागते. गाडीला नंबर असतो, त्यामुळे ती सापडण्याची आशा असते. आणि उद्या तीच गाडी दुसऱ्या गुन्ह्यात वापरली गेली तर बालंट आपल्यावर नको, हेही असतं. सायकलवाल्याकडे यातलं काहीच नाही. त्याचा हिशेब अर्ध्या मिनिटात संपतो.

तेव्हा विभागणी अशी कर: गुन्हा झाला हे कुणाला कळतं, आणि ज्याला कळतं त्याला सांगून काय मिळतं?

खुनाचं सोपं आहे. मृतदेह असतो, माणूस नाहीसा झाल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतं. दोन देशांची तुलना करताना अभ्यासक खुनाचाच आकडा धरतात तो म्हणून. तरी विषप्रयोग, वृद्धांच्या ‘नैसर्गिक’ मृत्यूआड दडलेले प्रकार आणि ज्यांना शोधणारं कुणीच नाही अशी माणसं त्यातूनही निसटतात.

सगळ्यात जड हिशेब घरातल्या गुन्ह्यांचा. मारणारा आणि कमावणारा एकच. तक्रार केली तर मार थांबेल की वाढेल, रात्री झोपायचं कुठे, मुलं कुणाकडे, भाडं कोण भरणार. युरोपीय संघाच्या २८ देशांत सुमारे ४२,००० स्त्रियांशी बोलून केलेलं सर्वेक्षण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. जोडीदाराकडून झालेला सर्वात गंभीर प्रसंगही पोलिसांना कळवणाऱ्या स्त्रिया त्यात १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) हिंसा सोसलेल्यांपैकी १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. इथे मदत म्हणजे पोलिसांचीच असं नाही, माहेरची, शेजाऱ्यांची, कुणाचीही. ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली ना कुणाला सांगितलं. श्रीमंत युरोपात आणि इथे चित्र इतकं सारखं निघत असेल, तर ‘जागृती’ तुला किती पुरणार? (हे दोन १४ शेजारी ठेवून तक्ता मात्र करू नकोस. प्रश्न वेगळे होते.)

लैंगिक गुन्ह्यांत खर्चाची आणखी एक बाजू: आपल्यावर विश्वास ठेवतील का, आणि तीच हकिगत किती जणांपुढे सांगावी लागेल. ज्याचं स्वतःचंच काही उघडं पडणार, कागदपत्रांविना राहणं असो की नशा, तो तर दारापाशीच थांबतो. मुलांचा हिशेब मोठी माणसं करतात, आणि पुष्कळदा तीच मोठी माणसं आरोपी असतात.

ज्यात पीडिताला आपण पीडित असल्याचं कळतच नाही, असा प्रकार तुझ्या मसुद्यात नाहीच. भेसळ, वजनातली लबाडी, कंपन्यांनी संगनमताने वाढवलेले भाव, विषारी सांडपाणी. प्रत्येकाचं नुकसान इतकं थोडं की दुखतच नाही. प्रतिष्ठितांचे हे गुन्हे आकडेवारीतून गळतात, हे अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्येच बजावलं होतं. संमतीची लाच आणि अमली पदार्थांची विक्री यांत तर दोन्ही बाजू खूश, फिर्यादीच नाही. असे गुन्हे नोंदीत येतात ते कुणीतरी शोधायला गेलं म्हणून. तिथे आकडा वाढला की ‘गुन्हे वाढले’ लिहू नकोस. बहुतेक वेळा वाढलेली असते ती धाडींची संख्या.

आता ज्याने सांगितलं त्याचं काय झालं ते बघ. सांगणं आणि नोंद होणं या दोन गोष्टी आहेत, आणि तू त्या एकाच प्रश्नात कोंबल्या आहेस. इंग्लंड-वेल्समध्ये पोलीस तपासणी यंत्रणेने २०१४ मध्ये हेच पडताळलं. पोलिसांना कळवलेल्या आणि नोंदवायलाच हव्या होत्या अशा गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच नव्हते. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण २६ टक्के. चोरी ‘हरवलं’ म्हणून लिहिली जाते, मारहाण ‘आपसातला वाद’ होते, तक्रार नुसता अर्ज म्हणून फायलीत पडते. ठाण्याचाही हिशेब असतो हे विसरू नकोस: उकल होणार नाही असा गुन्हा नोंदवला की त्यांचं उकलीचं प्रमाण बिघडतं. आणि नोंदलं तरी मोजणीचे नियम आहेतच. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत एका फिर्यादीत चार कलमं असली तरी सर्वात गंभीर एकच मोजलं जातं.

सर्वेक्षणही धुतल्या तांदळाचं नाही. इंग्लंडच्या अशाच पीडितांच्या सर्वेक्षणात, जे १९८२ मध्ये सुरू झालं, एका व्यक्तीवरचे एकाच मालिकेतले प्रसंग कित्येक वर्षं जास्तीत जास्त पाचच धरले जात. आठवड्याला मार खाणारी बाई आणि वर्षातून पाचदा मार खाणारी बाई आकड्यात सारखी. सरासरी स्थिर राहावी म्हणून केलेली सोय होती ती. सोयीचंच होतं, नाकारत नाही, पण कापलं गेलं ते सगळ्यात जास्त सोसणाऱ्यांचं.

प्रश्नावलीकडे ये. ‘गेल्या वर्षी तुमच्याविरुद्ध गुन्हा घडला का?’ हा प्रश्न काढ. नवऱ्याने ढकललं याला कुणी गुन्हा म्हणत नाही. कृती विचार: ढकललं का, मारलं का, वस्तू हिसकावली का, नको असताना अंगाशी आलं का. अमेरिकेच्या सर्वेक्षणात १९९२ पर्यंत बलात्काराबद्दल थेट विचारतच नसत. प्रश्न बदलले तसा आकडा वर गेला. गुन्हे तेवढेच, विचारायची पद्धत सुधारली.

बारा महिन्यांची मुदत ठेवलीस तर लोक जुने मोठे प्रसंग पुढे ओढून त्यात घालतात आणि किरकोळ विसरतात. सहा महिने ठेव, सुरुवातीला सणवार किंवा परीक्षा अशी ठळक खूण दे. ‘कळवलं का’ याचे तीन प्रश्न कर: कुणाला सांगितलं, पोलिसांकडे गेलात का, लेखी प्रत मिळाली का. कारण विचारताना पर्यायांची यादी वाचू नकोस, आधी त्यांच्या शब्दांत ऐक आणि तसंच उतरव. ‘एवढं काही नव्हतं’ हे उत्तर आलं की लगेच खूण करून पुढे जाऊ नकोस. ‘मोठं असतं तर गेला असता का?’ विचार. तिथे पुष्कळदा ‘जाऊन काय होणार’ निघतं, आणि ते वेगळं कारण आहे. ज्यांनी कळवलं त्यांनाही का कळवलं ते विचार. जमेची बाजू तिथेच सापडते.

हट्टी म्हणून माझं नाव झालंय, ठाऊक आहे. पण हा हिशेब न मांडता हेल्पलाइनची पोस्टरं लावली जातात, आकडा हलत नाही, आणि खापर पुन्हा गप्प बसणाऱ्यांवर फुटतं.

आणि मुलाखतीच्या वेळी खोलीत आणखी कोण होतं, हा रकाना तुझ्या फॉर्मवर कुठेच नाही. तो घाल. ज्या मुलाखती झाल्या आहेत, त्यांचं आठवत असेल तर आजच लिहून काढ, पुढच्या आठवड्यात आठवणार नाही.