दानाची वही वेगळी ठेवा

प्रश्न : आजोबांनी सुरू केलेला घरबांधणीचा व्यवसाय आता मी आणि चुलतभाऊ सांभाळतो. आमच्या प्रकल्पातली बाग आणि वाचनालय ‘समाजकार्य’ म्हणून मांडावं का?

उत्तर : नको. घर विकताना बागेचा शब्द दिला असेल, तर ते देणं फेडणं झालं, दान नव्हे. घेणाऱ्याने तिचे पैसे किमतीतच मोजलेत. मी कित्येक वर्षं अशा कुटुंबांचे हिशेब तपासले. एका घरी आजोबांची दानाची वही निराळीच होती, कोपरे हात लागून मऊ पडलेले. धंद्यातला पैसा त्या वहीत जाई, तिथला परत कधी येत नसे. तेवढी रेघ सांभाळा. इंग्लंडमध्ये चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरींनी १९०० साली बोर्नव्हिलची वसाहत स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे सोपवली. उत्पन्न घराण्याकडे न येता वसाहतीच्याच कामी यावं म्हणून. तुम्हीही विश्वस्तांत बाहेरची दोन तरी माणसं घ्या आणि देणगीची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढा. मंदीत विक्री थंडावली की पहिली कात्री तिथेच लागते, आणि तुमच्या शिष्यवृत्तीवर शिकणारं पोर अर्ध्या वाटेत अडकतं. हे मी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो. पाटीवर आजोबांचं नाव मात्र खुशाल घाला.