घरच्या बागेतील सुबाभळीचा बुंधा यंत्राशिवाय, हातानेच कसा काढावा?

झाड अजून उभे असेल, तर ते जमिनीलगत कापू नये. तीन-चार फूट खोड राखावे, कारण शेवटी मूळ हलवण्यासाठी तरफ म्हणून तेच उपयोगी पडते. आदल्या दिवशी बुंध्याभोवती भरपूर पाणी सोडावे. मग जवळून जलवाहिनी किंवा वीजवाहिनी जात नाही याची खात्री करून, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर कुदळीने गोल चर खणावा. उघडी पडलेली आडवी मुळे नुसती एका जागी न तोडता दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढून टाकावा, म्हणजे पहार घालायला जागा मिळते. मुळांना चिकटलेली माती आधी पाण्याने धुवावी, अन्यथा खड्यांमुळे करवतीचे दात लगेच बोथट होतात. खरी मेहनत सोटमुळाची असते: ते खोल जाते, म्हणून खोड चारही बाजूंना रेटत, एका बाजूने खाली खणत ते शक्य तितक्या खोलवर तोडावे. सुबाभूळ वरवर कापल्यास पुन्हा फुटते, हे येथे विसरू नये. बुंध्यात मीठ भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच मानू नये, त्याने आजूबाजूची माती नासते.